भरलेले घर रिकामे करताना

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभा मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवते. या महिन्यात आपण कबरींची डागडुजी करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या प्रियजनांसाठी मिस्सा अर्पण करतो. परंतु मृत व्यक्तीच्या संदर्भात आणखी एक काम असते. त्याविषयी प्रवचनात फारसे बोलले जात नाही आणि कुटुंबातही ते पुढे ढकलले जाते. ते म्हणजे तिने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंनी भरलेले घर रिकामे करणे. गेल्या काही वर्षांत अनेक धर्मग्रामस्थांनी यासंबंधी विचारणा केली आहे. 'आईची जपमाळ कुणी ठेवावी?', 'तुटलेल्या पुतळ्याचे काय करावे?', 'कपाटात सापडलेल्या ठेवीच्या पावतीवर हक्क कुणाचा?' अशा प्रश्नांची एकत्रित उत्तरे देण्याचा या लेखात प्रयत्न आहे. प्रारंभी एक कबुली द्यावयास हवी. या कामातील चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

माझी थोरली मावशी २०२३ च्या पावसाळ्यात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी प्रभूघरी गेली. ती अविवाहित होती. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून तिने नोकरी केली आणि निवृत्तीनंतर वसईतील वाडीतल्या कौलारू घरात ती एकटीच राहिली. आम्ही भाचे-भाच्या सणावारी जात असू, ओटीवर बसून चहा घेत असू आणि परत येत असू. आतील खोल्यांत काय आहे, याची आम्हांला कल्पना नव्हती. तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर आम्ही सहा जण घर उघडून आत गेलो, तेव्हा माजघरातून स्वयंपाकघरात जाण्यापुरतीच वाट मोकळी होती. बिस्किटांचे त्रेचाळीस रिकामे डबे, धुऊन वाळवून घड्या घातलेल्या दुधाच्या पिशव्या, सुतळीच्या गुंड्या, कणगीत भरून ठेवलेल्या काचेच्या बाटल्या, मुलांच्या जुन्या वह्यांतून काढलेली कोरी पाने, तांब्याचे हंडे, पाटा-वरवंटा, जाते आणि माळ्यावर एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका.

एक भाऊ हसून म्हणाला, "मावशीने तर भंगाराचे दुकानच मांडले होते." त्या क्षणी मीही हसलो. नंतर ते हसू मला बोचत राहिले.

माणसे वस्तू का साठवतात?

मावशीच्या पिढीने टंचाई पाहिली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा ती सात वर्षांची होती. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळणारा लाल मिलो तिने निवडून दळून आणला होता. रॉकेलसाठी रांगेत उभे राहणे हा तर अनेक वर्षांचा नित्यक्रम होता. अशा माणसाला रिकामी बाटली ही टाकाऊ वस्तू वाटत नाही. तिच्या दृष्टीने ती उद्या लागणारी वस्तू असते. सुतळीचा तुकडा जपणाऱ्या हातांनीच भाच्यांच्या शिक्षणाची फी भरली होती, हे आम्ही विसरलो होतो. म्हणून घर उघडताना पहिली गोष्ट ध्यानी धरावी ती ही, की समोरचा पसारा पाहून मृत व्यक्तीचा न्यायनिवाडा करू नये.

मात्र प्रत्येक भरलेल्या घरामागे केवळ काटकसर असते, असेही नाही. काही माणसांना कोणतीही वस्तू दूर करताना तीव्र मानसिक क्लेश होतात. पलंग झोपण्यासाठी आणि चूल स्वयंपाकासाठी वापरता येऊ नये इतका संचय होत जातो. वैद्यकशास्त्र याला साठवणूक विकार म्हणते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही त्याचा समावेश आहे. हा आळस नव्हे आणि लोभही नव्हे. आपल्या घरात अशी व्यक्ती हयात असेल, तर ती बाहेर गेली असता घर साफ करून टाकण्याचा मोह टाळावा. अशा जबरदस्तीने तिचा आपल्यावरील विश्वास उडतो आणि घर बहुधा पुन्हा भरते. प्रथम तिच्या सुरक्षिततेचा विचार करावा. दारापासून पलंगापर्यंतची वाट, शेगडीभोवतालची जागा आणि विजेच्या बटनांजवळचा कोपरा तिच्या संमतीने मोकळा करावा. बाकीचे थोडे थोडे होऊ द्यावे आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

घाई आणि तिची किंमत

आम्ही ठरवले होते की शनिवार-रविवार दोन दिवसांत सर्व उरकायचे. दोघांना मुंबईला परतायचे होते, एकाचे आखातात परतीचे विमान होते. टेंपो बोलावला, भंगारवाल्यालाही निरोप गेला. शनिवारी दुपारी माळ्यावरून एक गंजलेली ट्रंक खाली उतरवली. कुलूप उघडेना. फटीतून वाळवीने खाल्लेल्या वह्या दिसत होत्या. "शाळेच्या वह्या असणार, द्या रद्दीत," असे मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फडताळात मावशीच्या हस्ताक्षरातील एक यादी सापडली. कोणत्या ट्रंकेत काय आहे, ते तिने शिक्षिकेच्या शिस्तीने नोंदवून ठेवले होते. त्या ट्रंकेसमोर लिहिले होते : 'बाबांची लग्नगीतांची वही व पत्रे.' माझ्या आजोबांनी आमच्या वाडीत लग्नाच्या वेळी बायका म्हणत असलेली गाणी वृद्ध स्त्रियांकडून ऐकून लिहून ठेवली होती, असे आई सांगत असे. ती वही हरवली, असे आम्ही समजत होतो. ती हरवली नव्हती, मावशीने ती पन्नास वर्षे जपली होती. आम्ही भंगारवाल्याकडे धावलो. तो भला माणूस होता, त्याने गोदाम उघडून दाखवले. परंतु कागदाची गाडी सकाळीच भरून गेली होती.

ही हानी किती मोठी असू शकते, हे समजण्यासाठी आपल्याच साहित्याच्या इतिहासातील एक उदाहरण पुरेसे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हा ग्रंथ आपल्याला वाचता येतो, कारण कॅथोलिक कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून जी आवृत्ती प्रसिद्ध केली, ती अशाच हस्तलिखितांच्या आधारे. मध्यंतरीच्या अडीचशे वर्षांत त्या प्रत्येक घरातील कुणा ना कुणा भाच्याने 'द्या रद्दीत' असे म्हटले असते, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा पायाचा दगड नाहीसा झाला असता.

म्हणून पहिला नियम हा : न उघडलेली कोणतीही पेटी, पाकीट वा पुस्तक घराबाहेर जाऊ देऊ नये. पुस्तकांची पाने एकेक करून झटकावीत, कपड्यांचे खिसे तपासावेत, उशांच्या अभ्र्यांत हात घालून पाहावे. घर मोकळे करून देण्याची निकड नसेल, तर दोन दिवसांऐवजी दोन महिने घ्यावेत.

प्रथम कागदपत्रे

एखादी वस्तू हलवण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. घराची किल्ली सर्वांच्या संमतीने एकाच व्यक्तीकडे ठेवावी. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत. त्यानंतर मौल्यवान वस्तूंची यादी करून तिच्यावर उपस्थित वारसांच्या सह्या घ्याव्यात. भावंडांमध्ये यादी कशाला, असे वाटते, परंतु पुढील संशय टाळण्यासाठी तीच उपयोगी पडते.

नंतर कागद वेगळे करावेत : मृत्युपत्र, सातबारा व फेरफाराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, बँक व टपाल खात्यांची पुस्तके, ठेवींच्या पावत्या, विम्याची कागदपत्रे, निवृत्तिवेतनाचा आदेश. मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती आधीच घेऊन ठेवाव्यात, कारण प्रत्येक कार्यालय स्वतंत्र प्रत मागते.

गोव्याबाहेरील भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. गोव्याचा वारसाविषयक कायदा वेगळा आहे. १९२५ च्या कायद्यानुसार मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. मृत्युपत्र नसेल आणि मागे पती वा पत्नी आणि मुले असतील, तर एक तृतीयांश वाटा पती वा पत्नीला आणि उरलेला दोन तृतीयांश मुलांना मिळतो. यात मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान असतो. 'बहिणींना लग्नात दिले होते' हे कारण कायद्यापुढे टिकत नाही. आमच्या मावशीप्रमाणे पती, मुले आणि आई-वडील यांपैकी कुणीच मागे नसेल, तर मालमत्ता सख्ख्या भावंडांमध्ये समान वाटली जाते आणि आधी मरण पावलेल्या भावंडाचा वाटा त्याच्या मुलांना मिळतो. याचा अर्थ असा, की शेवटपर्यंत जवळ राहून सेवा करणाऱ्या भाचीला केवळ सेवेमुळे अधिक हक्क मिळत नाही. तिला काही द्यावयाचे असेल, तर मृत्युपत्र करूनच ते देता येते.

आणखी एक गैरसमज नामनिर्देशनासंबंधी आहे. बँकेच्या ठेवीवर ज्याचे नाव लावलेले असते तो रक्कम स्वीकारतो, परंतु तेवढ्याने तो तिचा मालक होत नाही. ती रक्कम वारसांचीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत वर्ग होतात. मात्र ते बुडत नाहीत. वारस आपल्या बँकेमार्फत त्यांची मागणी करू शकतात. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. जुन्या पुस्तकांत पाचशे-हजाराच्या, २०१६ साली रद्द झालेल्या नोटा सापडल्या तर आठवण म्हणून एखादी ठेवण्यास हरकत नाही. तथापि २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहाहून अधिक नोटा बाळगणे सामान्यतः दंडनीय आहे. गुंतागुंत असल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा.

आशीर्वादित वस्तू

कागदांनंतर घरातील वेदीकडे वळावे. बहुतेक घरांत तसबिरी, क्रूस, जपमाळा, पदके, प्रार्थनापुस्तके, आशीर्वादित पाण्याच्या बाटल्या आणि झावळ्यांच्या रविवारच्या वाळलेल्या झावळ्या मोठ्या संख्येने असतात. त्या कचऱ्यात कशा टाकाव्यात, या भीतीने त्या तशाच ठेवल्या जातात आणि पुढील पिढीवर सोपविल्या जातात. ही भीती अनाठायी आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार आशीर्वादित पवित्र वस्तूंना आदराने वागवावे आणि त्यांचा अयोग्य वापर करू नये. सर्व वस्तू चिरकाल साठवून ठेवाव्यात, असे तेथे म्हटलेले नाही.

चांगल्या अवस्थेतील वस्तू ज्याला त्यांचा उपयोग होईल त्याला द्याव्यात. नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला आजीचा क्रूस देण्यासारखी दुसरी भेट नाही. जीर्ण झालेल्या तसबिरी, प्रार्थनापुस्तके आणि तुटलेल्या जपमाळांमधील जळण्याजोगा भाग जाळून राख मातीत पुरावी. मातीचे वा प्लास्टरचे भंगलेले पुतळे तुकडे करून वाडीत कुणाचा पाय पडणार नाही अशा ठिकाणी पुरावेत. ख्रिस्तसभेतील ही जुनी रीत आहे. आशीर्वादित पाणी मातीत वा झाडाच्या मुळाशी ओतावे. जुन्या झावळ्या धर्मग्रामात आणून द्याव्यात, राखेच्या बुधवारसाठी लागणारी राख त्यांचीच केली जाते. एखाद्या संताचा पवित्र अवशेष सापडल्यास तो धर्मगुरूंकडे आणावा. पवित्र अवशेषांची विक्री कॅनन कायद्याने पूर्णतः निषिद्ध आहे.

आठवणींची वाटणी

जमिनीची वाटणी कायदा करतो. हंड्याची वाटणी मात्र कायदा करत नाही आणि नाती बहुधा हंड्यावरूनच तुटतात. आमच्याकडे भांडण झाले ते एका तांब्याच्या घंगाळावरून. दोन बहिणींना ते हवे होते. एक म्हणाली, "मी थोरली." दुसरी म्हणाली, "मावशीच्या आजारपणात मी राहिले." बोलता बोलता आवाज चढले, वीस वर्षांपूर्वीचे हिशेब निघाले. मी धर्मगुरू, पण मलाही काही सुचेना. अखेर घंगाळ तिथेच ठेवून आम्ही घरी गेलो. त्या दोघींचा अबोला सुटायला नाताळ उजाडावा लागला. नाताळात धाकटी थोरलीकडे गेली, तेव्हा तिने सांगितले की लहानपणी तिला गोवर झाला असता मावशीने त्याच घंगाळात कडुनिंबाचे पाणी घालून तिला आंघोळ घातली होती. थोरलीला हे ठाऊकच नव्हते. तिला घंगाळ हवे होते ते त्यात रोप लावण्यासाठी. तिने ते आनंदाने देऊन टाकले.

त्यावरून मी एक शिकलो. एखादी वस्तू कुणाला द्यावयाची हे ठरवण्यापूर्वी प्रत्येकाने ती का हवी, हे बोलून दाखवावे. पुष्कळदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो. न सुटल्यास चिठ्ठ्या टाकाव्यात किंवा आळीपाळीने एकेक वस्तू निवडावी. छायाचित्रे आणि पत्रे यांच्या प्रती काढून सर्वांना द्याव्यात. परदेशी असलेल्या भावंडाला विचारल्याशिवाय 'त्याला काय करायचे आहे' असे गृहीत धरू नये. लूकच्या शुभवर्तमानात (१२ : १३-२१) कोठारे मोठी करणाऱ्या श्रीमंत मूर्खाचा दाखला आहे. तो दाखला प्रभू येशूने कोणत्या प्रसंगी सांगितला, हे आपण विसरतो. गर्दीतील एका माणसाने वडिलोपार्जित मालमत्तेचा वाटा भावाकडून मिळवून देण्याची विनंती केली होती. प्रभूने वाटणी करून दिली नाही. त्याने लोभापासून सावध राहण्यास सांगितले.

उरलेल्या वस्तूंचे काय?

चांगले कपडे धुऊन, घड्या घालून द्यावेत. फाटके, डागाळलेले कपडे गरिबांना देणे हे दान नव्हे, ते आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. आपण स्वतः वापरू शकू असेच द्यावे. धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सदस्यांना गरजू घरे ठाऊक असतात, त्यांना आधी विचारावे. जुनी लाल लुगडी, दागिन्यांच्या पेट्या, शेतीची अवजारे अशा आपल्या संस्कृतीच्या खुणा मोडीत काढण्यापूर्वी जाणकारांना दाखवाव्यात. मुदत संपलेली औषधे विहिरीत, खाडीत वा बावखलात टाकू नयेत. जुने रेडिओ, बॅटऱ्या, बल्ब आणि ट्यूबलाइट ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावेत. प्लास्टिक अंगणात जाळू नये.

आपले घर

मावशीच्या घराचे काम संपायला अखेर पाच महिने लागले. मी परत आलो आणि धर्मग्रामगृहातील माझे स्वतःचे कपाट उघडले. न वाचलेली मासिके, सत्कारांच्या शाली, कधीच न वापरलेली पेने, तीन जुने मोबाइल. दारिद्र्याचे महत्त्व इतरांना सांगणाऱ्या माणसाच्या कपाटात हे सारे होते. माझ्यामागे हे कुणीतरी उपसणार आणि 'द्या रद्दीत' असे म्हणणार.

म्हणून वाचकहो, दुसऱ्याचे घर रिकामे करून झाल्यावर आपल्या घराकडे वळावे. साठी उलटलेल्या प्रत्येकाने या नोव्हेंबरात तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. मृत्युपत्र करावे. महत्त्वाचे कागद कुठे आहेत, ते एका वहीत लिहून ती वही विश्वासू व्यक्तीला दाखवावी. जी वस्तू ज्याला द्यावयाची आहे ती शक्यतो स्वहस्ते, जिवंतपणीच द्यावी आणि तिची गोष्टही सांगावी. मावशीने यादी केली होती, तिचे काहीच चुकले नव्हते. ती यादी आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते, कारण आम्ही ओटीच्या आत कधी गेलोच नाही. तरुणांना माझे सांगणे आहे की आपल्या आजी-आजोबांच्या, आत्या-मावशींच्या घरी या रविवारी जावे, माळ्यावर काय आहे ते विचारावे आणि त्यांचे बोलणे ऐकावे.

मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कार्य आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तू आदराने हाताळणे, हा त्याच कार्याचा उरलेला भाग आहे. आपल्या कुटुंबांतील सर्व मृतांना प्रभू चिरशांती देवो आणि त्यांच्या घराच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आल्या आहेत, त्यांना संयम आणि परस्परप्रेम देवो.